पेशीतील सफाई बंद पाडणारे औषध उपयोगी कसे ठरते?

नौपाडाकर
माझ्या आईला मल्टिपल मायलोमा असून तिला दर आठवड्याला पोटाच्या त्वचेखाली बॉर्टेझोमिबचे इंजेक्शन दिले जाते. हे औषध पेशीतील निकामी प्रथिनांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा अडवते, असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु घडी बिघडलेली प्रथिने साचण्याचा संबंध अल्झायमरसारख्या विकारांशी आहे, असेही माझ्या वाचनात आले. जी सफाई थांबणे घातक, ती मुद्दाम थांबवून उपचार कसा होतो? मी वाणिज्य शाखेचा आहे, तेव्हा त्या बेताने सांगावे.

खारघरचा यीस्टवाला
सफाई कोणत्या पेशीत थांबते, यावर सारे अवलंबून आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिची नेमकी घडी पडल्याखेरीज ती कामाची नसते. पेशीबाहेर पाठवायच्या प्रथिनांच्या घड्या आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्यात, पडतात. ज्यांची घडी बिघडते त्यांना तेथून बाहेर काढून युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावली जाते आणि प्रोटिएसोम हे पेशीतले कापणी यंत्र त्यांचे तुकडे करते. बॉर्टेझोमिब अडवते ते यालाच.

मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे आणि या पेशींचे मूळ कामच अँटिबॉडी बनवण्याचे. एकेक पेशी सेकंदाला हजारो रेणू बाहेर टाकू शकते. घंटागाडी एक दिवस आली नाही तर दोन माणसांच्या घराचे फारसे बिघडत नाही, पण खानावळीला दुपारीच दार लावावे लागते. या पेशी खानावळीसारख्या आहेत.

जालिकेत असा तुंबारा झाल्याची वर्दी केंद्रकापर्यंत जाते कशी, हे पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी या पेशीशास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तेही पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टमध्ये, उलगडले. १९९३ मध्ये दोघांच्याही गटांना आयआरई१ हे प्रथिन सापडले. ते जालिकेच्या पटलात बसून तुंबारा ओळखते आणि एका संदेशवाहक आरएनएचा, म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना वाहणाऱ्या रेणूचा, मधला भाग कापून टाकते. त्या आरएनएपासून बनलेले प्रथिन केंद्रकात जाऊन घडी घालणाऱ्या मदतनीस प्रथिनांची जनुके चालू करते. मानवी पेशींत मात्र ताण ओसरलाच नाही, तर हीच व्यवस्था पेशीला मरणाकडे नेते. बॉर्टेझोमिब मायलोमाच्या पेशीला ज्या मार्गांनी मारते, त्यांतला हा एक महत्त्वाचा मार्ग आहे. या दोघांना २०१४ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो बराच उशिरा मिळाला.

वाशीच्या निवृत्त प्राध्यापिका
वरील विवेचन योग्य आहे, तथापि सफाई कायमची थांबते असा समज होऊ नये. हे औषध प्रोटिएसोमला तात्पुरते अडवते आणि त्याचे काम काही दिवसांत पूर्वपदावर येते. म्हणूनच दोन मात्रांमध्ये किमान ७२ तासांचे अंतर ठेवतात, जेणेकरून निरोगी पेशी सावरतात. औषध मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे अल्झायमरची धास्ती बाळगण्याचे कारण दिसत नाही. हातापायांच्या नसांना मात्र त्रास होऊ शकतो. शिरेऐवजी त्वचेखाली दिल्यास तो कमी होतो, तरीही मुंग्या किंवा बधिरपणा जाणवल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे. ते मात्रा कमी करतात किंवा अंतर वाढवतात.

ऐरोलीकर
माझ्या वडिलांना हेच औषध चालू होते, तेव्हा ग्रीन टी बंद ठेवण्यास सांगितले होते. या रेणूत बोरॉनचा अणू असतो, त्याला ग्रीन टीतील एक घटक चिकटतो आणि औषध निष्प्रभ होते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबाबतही विचारून घ्यावे.

नौपाडाकर
सर्वांचा आभारी आहे. ग्रीन टी आमच्याकडे कोणी घेत नाही, परंतु क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मामांनी आणून दिल्या आहेत. त्या तूर्त बाजूला ठेवल्या. बधिरपणाविषयी वाचल्यावर आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली की गेले दोन आठवडे चप्पल पायातून निसटलेली तिला कळत नाही आणि वयामुळे तसे होत असेल असे समजून ती गप्प राहिली. पुढचे इंजेक्शन गुरुवारी आहे, पण डॉक्टरांना आजच दूरध्वनी करतो.