मदत हवी आहे: १९७४ची एफसी-१६० पिकअप, केबिनचा तळ गंजलाय. ठिगळं लावू की अख्खा पत्रा बदलू?

नमस्कार मंडळी,

प्रश्न पत्र्याचा आहे, इंजिनाचा नाही. इंजिनाचं मी बघून घेईन. पत्र्याची कामं हाताखालून गेलेल्या कुणीतरी हे वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी महिंद्राची एफसी-१६०, पेट्रोल, पहिली नोंदणी १९७४ची. ज्यांनी ही पाहिली नसेल त्यांच्यासाठी: जीपचंच हरिकेन इंजिन, पण तोंड चपटं. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मधे पेटीखाली असतं. वडिलांनी ती १९८१ साली वापरलेली घेतली. देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेतून हापूसच्या पेट्या भरायच्या आणि तळेरे, वैभववाडी, करूळ घाटातून गगनबावड्याला चढून कोल्हापूरच्या बाजारात पहाटेच्या आत पोचवायच्या. सुट्टीत मी बरोबर असायचो. इंजिनाच्या पेटीवर गोधडी टाकून झोपायचो. घाट चढताना पेटी इतकी तापायची की वडील एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने माझ्याखाली गोणपाट सरकवायचे.

१९९८च्या हंगामानंतर गाडी मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) उभी राहिली ती राहिलीच. वडील आता ७९ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, "चलती गाडी गंजत नाय, उभी गाडी गंजता." मी २३ वर्षं पिंपरीला लेथवर काढली, दोन वर्षांपूर्वी घरी परत आलो. मशीनिंग मला येतं. हजाराव्या भागाचं माप धरून काम केलंय. पण १८ गेजचा पत्रा वेल्डिंगखाली कसा वागतो हे मला अजून कळलेलं नाही.

आता गंज कुठे आहे ते सांगतो. वरून गाडी वाईट दिसत नाही. छप्पर, दारांचा वरचा भाग, पुढचं तोंड ठणठणीत. सगळा घात खाली झालाय. पुढचं चाक थेट पायाखाली असल्यामुळे चिखल आणि लाल माती उडून केबिनच्या तळाला बसायची, आणि आमची माती ओली झाली की कित्येक दिवस ओल धरते. ड्रायव्हरकडचा पाय ठेवायचा तळ हाताएवढ्या दोन ठिकाणी आरपार गेलाय. चढायच्या पायरीच्या मागची घडी बोटाने दाबली तर बिस्किटासारखी मोडते. दोन्ही दारांचा खालचा वीतभर भाग आतून खाल्लाय, कारण पाणी निघायची भोकं मातीने बुजली होती. केबिन चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) बसते त्या चार जागांपैकी मागच्या दोन ठिकाणी पत्रा थराथराने सुटलाय, पुस्तकाची पानं सुटावीत तसा.

हौद्याची, म्हणजे मागे माल भरायच्या भागाची, गोष्ट वेगळी. आमच्याकडे माडांना मीठ घालतात. ते मीठ, पोटॅश, मासळीचं खत हे सगळं ह्याच हौद्यातून यायचं. फाळका (मागची झडप) ठीक आहे, पण हौद्याचा तळ गेला. तो मी नव्या पत्र्याने करणार, त्याबद्दल शंका नाही.

मागच्या वर्षी झालेली चूक सांगतो, म्हणजे कुणी तेच सुचवायला नको. एका पेंटरच्या सांगण्यावरून एप्रिल-मे महिन्यात मी ग्राइंडरला वायर ब्रश लावून केबिन खालून घासली, दोन हात रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) मारलं आणि पावसाळ्यानंतर वरचा रंग देऊ म्हणून ठेवलं. गणपतीला बघतो तर तळाला रव्याएवढे नारिंगी ठिपके, आणि दसऱ्यापर्यंत त्यांचे फोड झाले. एक फोड नखाने उचलला तर खाली ओलसर काळी भुकटी. म्हणजे खड्ड्यांतला गंज मी काढलाच नव्हता, नुसता झाकला होता. शिवाय रेड ऑक्साइडवर वरचा रंग नसेल तर ते पाणी पितं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

यावेळी लहान भागांपासून सुरुवात केली. बिजागऱ्या, हँडल, फाळक्याच्या साखळ्या असं सगळं प्लास्टिकच्या ड्रममध्ये धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकून बॅटरी चार्जर लावला. निगेटिव्ह वस्तूला, पॉझिटिव्ह एका जुन्या स्टीलच्या ताटाला. रात्रभरात गंज काळा होऊन ब्रशने निघतो. १९७४चा मूळ खाकी रंग एका बिजागरीच्या आत सापडला तेव्हा वडिलांना नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

माझे प्रश्न:

केबिनचा तळ तुकड्या-तुकड्याने कापून ठिगळं लावावीत, की पायरीपासून सीटखालच्या पट्टीपर्यंत अख्खा पत्रा काढून नवा घालावा? तीन फिटरना दाखवलं. तिघांचं उत्तर एकच: "केबिन टाकून द्या, वरून उघडी जीपसारखी बनवू, मस्त दिसेल." मला ते नको आहे. मला वडिलांची गाडी हवी आहे. मूळ पत्र्यातला जेवढा वाचेल तेवढा वाचवायचाय. पण वाचवायचा म्हणून सडका पत्राही ठेवायचा नाहीये. थांबायचं कुठे, हे मला कळत नाही.

दुसरं, वेल्डिंग. घरी सिंगल फेज आहे, संध्याकाळी व्होल्टेज १८०पर्यंत उतरतं. आर्कने एका टाकाऊ पत्र्यावर प्रयत्न केला, भोकंच पडली. सीओटू मशीन (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात वायरने जोडणारं) घ्यावं का, की गॅस वेल्डिंग शिकावं? काम मांगरातच करायचंय. चिऱ्याच्या भिंती आहेत, वर कौलं, एक बाजू उघडी. मागच्या अर्ध्या भागात आंब्याच्या पेट्या आणि पेंढा असतो, पुढची जागा मोकळी आहे.

तिसरं आरटीओचं. शेवटचं पासिंग १९९७चं. गाडीची नोंद मालवाहू म्हणून आहे. ५० वर्षं झाली असल्यामुळे व्हिंटेजमध्ये जाते का?

*

प्रतिसाद १

दादा, सगळ्यात आधी तो पेंढा मांगरातून बाहेर काढा. अर्ध्या भागात वगैरे नाही, पूर्ण बाहेर. ग्राइंडरची ठिणगी वीस फूट जाते आणि पेंढ्यात तासभर धुमसत राहते. तुम्ही जेवायला घरात गेलेले असता तेव्हा पेट घेते. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवून. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते. टाकीला स्वतः वेल्डिंग लावू नका.

आता पत्रा. मी कोल्हापुरात उद्यमनगरला याच कामात आहे. थांबायचं कुठे याचं उत्तर डोळा देत नाही, हातोडी देते. अर्ध्या पौंडाची हातोडी घ्या आणि बोटभर अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडका भद्द करतो. आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारा, आणि त्या रेघेच्या बाहेर आणखी दोन बोटं जाऊन कापा. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागला की तुमची हद्द आली. खडूच्या रेघा एकमेकींपासून वीतभरापेक्षा जवळ आल्या तर मधला पत्रा वाचवण्यात अर्थ नाही, एकच मोठा तुकडा घाला. तुमच्या वर्णनावरून ड्रायव्हरकडे मोठा तुकडा आणि पलीकडे ठिगळं असं होईल असं वाटतं.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा आणि तिरका असा टाके (वेल्डिंगचे ठिपके) मारून बसवा. ही पायरी लोक गाळतात. तळ काढला की केबिन कागदाच्या खोक्यासारखी मुरडते आणि मग दार आयुष्यात बसत नाही. केबिनच्या बैठकी, म्हणजे ती चेसिसवर बसते त्या जागा, चारही एकदम काढू नका. एक करा, बोल्ट कसा, मग दुसरी.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा) घ्या, १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि रात्री ताप भरतो. जोड काठाला काठ लावून करा. एकावर एक चढवलेल्या जोडाच्या मधे तुमच्याकडचं खारं पाणी शिरलं की चार वर्षांत परत तिथेच याल.

वेल्डिंगला छोटं इन्व्हर्टरवालं सीओटू मशीन, ०.८ची वायर, जमलं तर आर्गन मिसळलेला गॅस. सलग शिवण मारायची नाही. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग तिसरा दोन्हींच्या मधे. हात लावून बघा, चटका बसतोय तोवर शेजारी टाका मारायचा नाही. चार फुटांच्या जोडाला एक दिवस गेला तरी चालेल. सकाळी लवकर करा, तेव्हा व्होल्टेजही चांगलं आणि वाराही कमी. उघड्या बाजूला जुना पत्रा उभा करा, गॅस वाऱ्याने उडाला तर टाका जाळीदार होतो.

*

प्रतिसाद २

काका, ड्रममधलं स्टीलचं ताट आजच काढा. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि अशा पाण्यात त्यातून विषारी, कॅन्सरला कारण होणारी क्रोमियमची संयुगं सुटतात. पाणी पिवळसर झालं असेल तर तेच. साधी लोखंडी सळई किंवा पट्टी लावा. आधीचं पाणी बागेत किंवा विहिरीजवळ ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून वेगळं ठेवा. आणि ड्रम उघड्यावर हवा, त्यातून हायड्रोजन निघतो.

रंगाबद्दल: घासून झाल्यावर खड्ड्यांत काळे ठिपके राहतातच. तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्प्रभ करणारं द्रावण) लावा, धुऊन पूर्ण वाळवा, मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. कोकणात हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. जोडांवर सीम सीलर (फट बंद करणारी पेस्ट), आणि केबिनच्या बंद पोकळ्यांत मेणाचं कॅव्हिटी वॅक्स. दारांची भोकं बुजवू नका, उलट सर्वात खालच्या बिंदूला नवी पाडा. पाणी आत येणारच, त्याला जायला वाट हवी.

जुना रंग कोरडा घासताना चांगला मास्क हवा, १९७४च्या रंगात शिसं असण्याची शक्यता आहे. ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा.

*

प्रतिसाद ३

आरटीओबद्दल. व्हिंटेजचे नियम जुलै २०२१मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. मोठा फेरफार चालत नाही. वरून उघडी करा म्हणणाऱ्यांना हे सांगा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. पेट्या घेऊन कोल्हापूरला जायचं मनात असेल तर हा मार्ग तुमचा नाही. मालवाहू नोंद असल्यामुळे पुढचं सगळं कागद हातात घेऊन कार्यालयात विचारा. १९९७नंतर गाडी वापरात नसल्याचं कधी लेखी कळवलं होतं का, ते जुन्या फायलीत शोधा, थकीत कराचा हिशेब त्यावर ठरतो.

आणि एक. चेसिस नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर लावू नका. तपासणीला त्यावर कागद धरून पेन्सिलने छाप घेतात. तिथला गंज हाताने, बारीक पॉलिश पेपरने काढा आणि लगेच ग्रीस लावा.

*

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. ताट काढलं. पाणी खरंच पिवळट झालं होतं, कॅनमध्ये भरून ठेवलंय. पेंढा काल दोन गड्यांना घेऊन पडवीत हलवला.

हातोडी घेऊन सकाळपासून बसलो होतो. ड्रायव्हरकडचा तळ जवळजवळ सगळाच भद्द बोलतो, पायरीपासून सीटच्या पट्टीपर्यंत. तिथे एकच तुकडा घालणार. डावीकडे तीन ठिगळांत भागेल. वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांना हल्ली दिसायला कमी आहे, पण ऐकू चांगलं येतं. काही वेळाने मी ठोकायचो आणि ते नुसते "हां" किंवा "गेला" म्हणायचे. खडूच्या अर्ध्या रेघा त्यांच्या कानाने मारल्यात.

चेसिस नंबर सापडला, सगळे आकडे वाचता येतात. व्हिंटेजचं ठरवायच्या आधी घरात बोलतो, कारण वडिलांना ती घाटात न्यायची आहे.

कोल्हापूरच्या दादांना एकच विचारायचं राहिलं. तळाच्या मूळ पत्र्याला उभ्या तीन पन्हळी आहेत, ताकदीसाठी दाबलेल्या. सपाट पत्रा घातला तर तो पायाखाली डबडब वाजेल असं वाटतं. लेथ आणि छोटी प्रेस मला मिळू शकते. पन्हळी दाबायला लाकडाची डाय (साचा) पुरेल का, की लोखंडाचीच करावी? मापं घेऊन ठेवली आहेत: पन्हळ १८ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर खोल.