मदत हवी आहे: वोल्बाखिया आणि सामोआतली फुलपाखरं

नमस्कार मंडळी, शनिवारी अकरावीच्या मुलांपुढे वोल्बाखियावर बोलायचंय आणि एका जागी अडकलोय. कीटकांच्या पेशींत राहणारा हा जिवाणू आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, नर त्याच्या काही कामाचा नाही. ग्रेट एगफ्लाय फुलपाखरात (आपल्याकडेही दिसतं ते) तो नर-भ्रूणच मारून टाकतो. सामोआत (पॅसिफिकमधला बेटांचा देश) २००१ साली नर जेमतेम १ टक्का होते, २००६ पर्यंत ४० टक्क्यांच्या आसपास! जिवाणू गेला नव्हता. त्याला दाबणारं जनुक फुलपाखरांत पसरलं. इथवर ठीक.

पण भाऊ मारून बहिणींमधल्या जिवाणूला नेमका फायदा काय, हे मुलांना पटेल असं कसं सांगू? आणि याच जिवाणूची दुसरी करामत, म्हणजे जिवाणू असलेला नर आणि नसलेली मादी यांची अंडी वाढतच नाहीत, त्या 'सायटोप्लाझ्मिक इन्कम्पॅटिबिलिटी'ला 'पेशीद्रव्यी विसंगती' चालेल का? मला तर पत्रिका जुळत नसल्यासारखं वाटतंय.