पूर्वनिर्णय कायदा घडवतो, की आहे तोच सांगतो?

धागाकर्ता, टिळकवाडी (बेळगाव):
राज्यघटनेच्या कलम 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. माझ्या मते असे करताना न्यायालय कायदा घडवतेच. ते मान्य करायला आपण उगीच बिचकतो. वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा मागणारा एका मुलीचा दावा 1992 साली बेळगावच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला. तो दिल्लीपर्यंत गेला तेव्हा, 2015 मध्ये, दोन न्यायमूर्तींनी ठरवले की मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क देणाऱ्या, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 6 मधील दुरुस्तीचा लाभ हवा असेल तर ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असले पाहिजेत. 2020 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही अट रद्द ठरवली. या अवधीत संसदेने त्या कलमातले अक्षरही बदलले नव्हते.

प्रतिसाद, खानापूर:
उदाहरण चोख आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. सहदायादाचा (वडिलोपार्जित मिळकतीतल्या सहहिस्सेदाराचा) हक्क जन्माने मिळतो, म्हणून वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही, असा कलम 6 चा अर्थ 2020 च्या पीठाने लावला. म्हणजे कायदा तोच होता, आधीचे वाचन चुकले होते. शिवाय संसदेने उद्या कलम बदलले, तर कितीही मोठ्या पीठाचे रूलिंग निकामी होईल.

धागाकर्ता:
तसे तर अधिनियमही पुढच्या अधिनियमाने रद्द होतो, साहेब. आणि मधल्या काळात ज्या बहिणींचे दावे फेटाळले गेले व अपिलाची मुदतही टळली, त्यांचे काय? अंतिम झालेला हुकूमनामा (दाव्यातला न्यायालयाचा अंतिम आदेश) नंतरच्या निकालाने आपोआप उघडत नाही. त्यांच्यापुरता 2015 चा निकाल हाच कायदा ठरला.

प्रतिसाद, निपाणी:
दोघेही सगळा निकाल बंधनकारक धरून चालला आहात. बंधन असते निर्णयाधाराचे, म्हणजे निकाल ज्या कायदेशीर कारणावर उभा असतो त्याचे, ओघात केलेल्या शेऱ्यांचे नाही. आणि खरी अडचण तिथेच येते. 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींच्याच दुसऱ्या पीठाने, 2001 साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना समान हिस्सा दिला. मग वादीचा वकील 2018 चे रूलिंग लावणार, प्रतिवादीचा 2015 चे, आणि खालच्या न्यायाधीशाने दोन सारख्या पीठांतून निवड करायची! त्यात एकाच भावकीची जमीन बेळगाव तालुक्यात आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडला असेल, तर इकडे कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक, तिकडे मुंबई उच्च न्यायालयाचा. दुसऱ्याचा निकाल फक्त मन वळवण्यापुरता. कायदा एक, बांध ओलांडला की वाचन वेगळे.

प्रतिसाद, खानापूर:
ही अडचण मान्य. पण ती सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने प्रश्न सोडवेपर्यंतच टिकते. 2020 नंतर या मुद्द्यावर चंदगड आणि बेळगाव एकाच रूलिंगखाली आहेत.