महूहून आणलेली जुनी फेल्ट हॅट: साल कसं ओळखायचं, आणि दबलेला माथा वर आणू का?

रामबागची_अनु

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहते, गेली सहा-सात वर्षं जुन्या टोप्या जमवतेय. सुरुवात घरातूनच झाली, पणजोबांची पगडी आणि आजोबांची काळी टोपी ट्रंकेत होती, मग दोन सोला हॅट आल्या, आणि आता फेल्टच्या (लव नाहीतर लोकर दाबून केलेल्या) हॅटचा नाद लागलाय. मागच्या रविवारी महूला गेले होते तर एका भंगारवाल्याकडे पितळी भांड्यांच्या खाली चेपून पडलेली एक हॅट दिसली, चारशे रुपयांत दिली त्याने.

रंग मातकट तपकिरी, फेल्ट पातळ आणि हाताला एकदम मऊ. रिबिन गडद तपकिरी, तिची गाठ डाव्या बाजूला. आतलं अस्तर पूर्ण गेलंय, शिवणीचे दोरे तेवढे लटकतायत. आत डोक्याला टेकणारा चामड्याचा पट्टा आहे पण आकसलाय, त्याच्यावर सोनेरी अक्षरं होती त्यातलं ‘मेड इन इंग्लंड’ वाचता येतं, दुकानाचं नाव घासून गेलंय आणि खाली ‘महू, सी. आय.’ असं काहीतरी दिसतं. साइज ७. कडेला कसरीची तीन बारीक भोकं आहेत. आणि माथा असा दबलाय जसं कोणी वर्षानुवर्षं त्याच्यावर बसत होतं, पुढे जिथे चिमटीत धरतात तिथे दोन चिरा पण आहेत.

दोनच प्रश्न. किती जुनी असेल? आणि वाफ देऊन माथा सरळ करू का? घाबरतेय कारण मागे एक राखाडी हॅट इथल्याच एका ड्रायक्लीनरकडे दिली होती, परत आली तेव्हा चामडं पापडासारखं कडक आणि कड लाटांसारखी वाकडी. ती हॅट अजून कपाटात आहे, बघवत नाही.

जुनी_ट्रंक

अनुताई, आधी हॅटला हात लावू नका. वाफ नाही, ब्रश नाही, काही नाही. खिडकीजवळ उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आतून पण. कारण आत्ता जी घडी पडलेली आहे, जी धूळ रिबिनीच्या काठाशी बसलीय, जिथे रंग उडालाय, हे सगळं त्या हॅटचं वय सांगणारं आहे आणि एकदा वाफ मारली की त्यातलं निम्मं पुसलं जातं.

आता साल. तुमच्याकडे सगळ्यात मोठी खूण म्हणजे ते ‘सी. आय.’. ते सेंट्रल इंडिया, म्हणजे सेंट्रल इंडिया एजन्सी, इंग्रजांच्या काळात आपल्याकडच्या पत्त्यांत इंदूर सी. आय., महू सी. आय. असंच लिहायचे. १९४८ साली मध्य भारत झालं मग पत्त्यात एम. बी. यायला लागलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर एम. पी. तेव्हा पट्ट्यावरचा ठसा १९४८ च्या आधीचा धरायला हरकत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हा ठसा दुकानाचा आहे, हॅट बनवणाऱ्याचा नाही. आणि दुकानदाराने ठशाचा जुना साचा पुढे दोन-चार वर्षं वापरला असंही होऊ शकतं, म्हणून मी ‘साधारण १९५० च्या आधी’ असं म्हणेन, त्याहून नेमकं नाही.

दुसरं, चामड्याचा पट्टा हळूच बाहेर उलटा करून त्याच्या मागे बघा. बऱ्याच हॅटमध्ये तिथे कागदाची छोटी चिठ्ठी असते, साइज आणि कारखान्याचे आकडे असतात, कधी दुकानदाराने पेन्सिलने किंमत लिहिलेली असते. किंमत रुपये-आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान पैसे आले. ‘नये पैसे’ लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधली. पिन कोड दिसला तर १९७२ नंतरची, पण तुमच्या हॅटमध्ये तो नसणारच.

अस्तर गेलं याचं मला खरंच वाईट वाटलं. इंग्लिश हॅटच्या अस्तरावर राजघराण्याची मोहोर असेल तर खाली राजा लिहिलंय की राणी एवढं बघितलं तरी काम होतं, फेब्रुवारी १९५२ पर्यंत राजा आणि नंतर सप्टेंबर २०२२ पर्यंत राणी. तुमच्या बाकीच्या हॅटना हे लावून बघा.

साइज ७ बद्दल, इंग्लिश ७ म्हणजे ५७ सेंटिमीटर. अमेरिकन हॅटवर तेच डोकं ७⅛ असं लिहितात, एक अष्टमांश जास्त. पुष्कळ लोक इथे चुकतात आणि मग म्हणतात हॅट आकसली. तुमची आता आतून किती भरतेय ते टेपने मोजून सांगा. कडेची रुंदी आणि रिबिनीची रुंदी पण सांगा.

रामबागची_अनु

फोटो काढले. आतून ५५.५ भरतेय. कड ६.३ सेंटिमीटर, तिला गोट वगैरे नाही, नुसती कापलेली आहे. रिबिन ३ सेंटिमीटर. सी. आय. बद्दल मला खरंच माहीत नव्हतं, इतकी वर्षं इंदुरात राहून! आमच्या घरातल्या जुन्या पोस्टकार्डांवर पण असंच होतं बहुतेक, आज बघते.

जुनी_ट्रंक

म्हणजे चामड्याने ओढून दीड सेंटिमीटर खाल्लं. कडेची रुंदी १९४० च्या दशकातल्या हॅटला शोभते, १९६० च्या दशकात कडा एकदम बारीक झाल्या होत्या. पण नुसत्या कडेवरून साल सांगू नका कोणाला, लोक कडा कापून पण घ्यायचे. रिबिन मात्र मला अरुंद वाटते. तिची कड एका ठिकाणी नखाने किंचित उचलून खालचा फेल्ट बघा, मूळ रंगाचा पट्टा किती रुंद आहे ते.

वेशभूषावाले_दादा

मी हौशी नाटकांची वेशभूषा करतो, इंग्रज अधिकारी आणि जुने बॅरिस्टर करायचे असले की हॅट माझ्याकडेच दुरुस्तीला येतात. वाफ देता येते ताई, घाबरायचं कारण नाही, पण घाई केली तर हॅट गेली.

फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नाही. ससा, बीव्हर वगैरेंची लव नाहीतर लोकर, तिचे तंतू गरम पाण्यात दाबून-घोळून एकमेकांत अडकवलेले असतात. वाफ लागली की ते सैल होतात, हाताने वळवाल तसे वळतात, आणि थंड होऊन सुकले की तिथेच धरून बसतात. म्हणजे आकार वाफेने येत नाही, आकार सुकताना येतो. हे डोक्यात पक्कं ठेवा, लोक वाफ दहा मिनिटं देतात आणि सुकायला दोन मिनिटं, मग म्हणतात बसली नाही.

चहाची किटली घ्या, तोटी असलेली. हॅट वाफेपासून वीतभर लांब धरा, बाहेरून माथ्यावर वाफ द्या, आठ-दहा सेकंद, फिरवत राहा. आतून वाफ अजिबात नको, चामड्याला वाफ लागली की ते आणखी आकसतं आणि एकदा भाजलेलं चामडं परत येत नाही, तुमच्या राखाडी हॅटचं बहुतेक हेच झालंय. फेल्ट मऊ लागला की आत मूठ घालून माथा हळूहळू वर ढकला. एका बैठकीत पूर्ण वर आणायचा हट्ट नको. पुढच्या त्या दोन चिरा आहेत ना, तिथे दाब द्यायचाच नाही, फेल्ट तिथे आधीच मेलाय, आतून पातळ सुती कापडाचा तुकडा कापडाच्या गोंदाने लावा आणि मगच घडी घाला.

माथा वर आला की आत धुतलेलं जुनं धोतर नाहीतर साडी घट्ट भरून ठेवा. वर्तमानपत्र भरू नका, शाई लागते. गोल डब्यावर पण चढवू नका, डोकं गोल नसतं, लांबट असतं. जमलं तर सुताराकडून ५७ चा लांबट लाकडी साचा करून घ्या, मी तसाच करून घेतला आणि आज इतकी वर्षं तोच वापरतोय.

चामड्यासाठी खोबरेल लावाल तर पस्तावाल! तेल फेल्टमध्ये उतरतं आणि बाहेर रिबिनीच्या वर काळा डाग येतो, तो कधीच जात नाही. बिनरंगाचं चामड्याचं क्रीम, बोटाच्या टोकावर एवढंसं, पट्टा बाहेर उलटा करून, आणि दोन दिवस तसाच ठेवा.

कसरीची भोकं बुजवायला पट्ट्याच्या आड लपलेल्या फेल्टवरून ब्लेडने थोडी लव खरवडून घ्यायची, रंग अगदी तोच मिळतो, आणि गोंदाच्या थेंबात बसवायची. पण आधी कसर मारा. हॅट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर सगळं दव हॅटवर बसतं.

रसायनवाले_सर

दादांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली आणि ती महत्त्वाची आहे म्हणून लिहितोय. अनुताई, फेल्ट पातळ आणि मखमलीसारखा मऊ आहे म्हणजे तो बहुधा लवेचा आहे, लोकरीचा नाही. सशाची लव नीट घोळली जावी म्हणून जुन्या काळी ती पाऱ्याच्या नायट्रेटने भिजवायचे. त्या पाऱ्यामुळे कारखान्यातल्या कामगारांचे हात थरथर कापायचे, अमेरिकेत डॅनबरी नावाचं हॅटचं गाव होतं तिथे त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. अमेरिकेत हा वापर डिसेंबर १९४१ मध्ये बंद झाला. जुन्या फेल्टमध्ये पारा अजून सापडतो, संग्रहालयातले लोक अशा हॅट हातमोजे घालून हाताळतात.

तुमची हॅट १९५० च्या आधीची आणि लवेची असेल तर त्यात पारा आहे असंच धरून चाला. स्वयंपाकघरात वाफ अजिबात देऊ नका. गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत, हातमोजे घालून, आणि तोंड वाफेच्या वर नको. ती किटली पुन्हा चहाला वापरू नका. लव खरवडताना मास्क लावा आणि पडलेला भुगा ओल्या फडक्याने टिपून घ्या, झाडूने झाडू नका. घरात लहान मुलं असतील तर ही हॅट त्यांच्या डोक्यावर घालून फोटो काढायचा मोह टाळा. लोकरीच्या फेल्टला ही प्रक्रिया लागत नसे, त्यामुळे तिथे ही काळजी नाही.

वेशभूषावाले_दादा

सर, हे मला माहीतच नव्हतं. मी तर घरातच करत आलोय. माझ्याकडच्या दोन हॅट नक्की लवेच्या आहेत, नाटकात पोरांच्या डोक्यावर जातात. आजच वेगळ्या काढून ठेवतो. खूप आभार.

रामबागची_अनु

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हातमोजे घालून गॅलरीत बसले आणि पट्टा उलटा केला. मागे चिठ्ठीचा अर्धा तुकडा चिकटलेला आहे, त्यावर छापील ७ आणि खाली पेन्सिलने १८/८, म्हणजे साडेअठरा रुपये, आणे आहेत! आणि जुनी_ट्रंक, तुम्ही म्हणालात तसं रिबिनीची कड उचलली तर खाली मूळ रंगाचा पट्टा ४ सेंटिमीटर आहे, म्हणजे आधीची रिबिन रुंद होती आणि कोणीतरी नंतर बदलली. टाके हाताचे आहेत, बारीक आणि सारखे, घरातल्याच कोणी बाईने घातलेत असं मला वाटतं. ही रिबिन मी काढणार नाही.

आत्ता हॅट फ्रीजरमध्ये आहे, दोन पिशव्यांत बांधून, आईने त्या कप्प्यातलं बाकी सगळं खालच्या फ्रीजमध्ये हलवलंय. माथा सध्या आहे तसाच ठेवतेय, पावसाळा संपून हवा कोरडी झाली की दिवाळीच्या सुमारास गच्चीवर वाफ देईन. दादा, सुताराला साच्यासाठी कुठलं लाकूड सांगू? सागवान फार महाग पडतंय.

वेशभूषावाले_दादा

आंब्याचं चालेल, पण पूर्ण सुकलेलं हवं, नाहीतर साचाच फाटतो. वरून दोन हात शेलॅक (लाखेचं) पॉलिश मारायला सांगा म्हणजे लाकूड ओल धरणार नाही आणि लाकडाचा रंग फेल्टला लागणार नाही. आणि माप देताना ५७ म्हणूनच द्या, आत्ताचं ५५.५ नको.