मधुमेहाच्या गोळ्या आणि व्हिडिओतला काढा: माहिती पारखायची कशी?

सांजवेळ:
माझी आई ६४ वर्षांची असून गेली ११ वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेते. दोन आठवड्यांपूर्वी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक व्हिडिओ पाहून तिने कारल्याचा रस आणि मेथीचे पाणी सुरू केले. काल उपाशीपोटीची साखर ११० आल्यावर तिने गोळ्याच बंद केल्या. मी हरकत घेतली, तेव्हा "तू तरी कुठे डॉक्टर आहेस, तूही इंटरनेटवरच वाचतोस," असे तिने सुनावले, आणि खरे सांगायचे तर त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तिचे वाचन चुकीचे आणि माझे बरोबर, हे कशावरून ठरवायचे?

जुना औषधविक्रेता:
वाद बाजूला ठेवून आजच डॉक्टरांना फोन करावा आणि गोळ्या थांबवल्याचे व रस सुरू असल्याचे, दोन्ही सांगावे. ते दोन आठवडे आई रसासोबत गोळ्याही घेत होत्या, त्यामुळे ११० या आकड्याचे श्रेय एकट्या कारल्याला कसे देता येईल? शिवाय ती केवळ एका सकाळची साखर आहे. जेवणानंतरची साखर त्यातून कळत नाही, आणि साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी दोन आठवड्यांत फारसे काही सिद्ध करणार नाही.

गोळ्या सोडल्याने साखर वाढू शकते, हा एक धोका. दुसरा धोका उलट बाजूचा आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडते. त्याच्या जोडीला साखर उतरवणारे आणखी काही घेतले, तर ती प्रमाणाबाहेर खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसल्यास आणि रुग्ण शुद्धीवर असल्यास चहाचे तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

पाऊलवाट:
तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल लिहितो. माहिती इंटरनेटवरची आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. ती कोण देतो, कोणत्या रुग्णाविषयी देतो आणि ऐकणाऱ्याने काय करावे अशी त्याची अपेक्षा आहे, हे पाहावे लागते. व्हिडिओच्या शेवटी चूर्णाची बाटली मागवण्याचा क्रमांक होता का? औषधे आणि जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने ज्या आजारांवरील औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेहही आहे. म्हणूनच "मधुमेह मुळासकट बरा" असे म्हणत कोणी औषध विकत असेल, तर मी तिथेच थांबतो. अशी जाहिरात आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते. मेथीवर छोटे अभ्यास झालेले आहेत, हे मान्य करायला हरकत नाही (आईंपुढे ते आधी मान्य केलेत, तर पुढचे बोलणे सोपे जाईल), पण "थोडी मदत होऊ शकते" आणि "गोळ्या सोडा" यांत फार अंतर आहे.

कावेरीकाठ:
विश्वासार्ह संकेतस्थळावरून घेतलेली माहितीही चुकीच्या जागी लावली जाते, हे मी स्वतःवरून शिकले. एचबीए१सी वाढलेला पाहून मी रात्रभर त्याचे दुष्परिणाम वाचत बसले होते. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयातही तो आकडा फुगलेला दिसू शकतो, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझे हिमोग्लोबिन पाहून सांगितले. तेव्हापासून मी वाचते, पण वाचून झाल्यावर निष्कर्षाऐवजी प्रश्न लिहून ठेवते. तुमच्यासाठी एक प्रश्न आत्ताच सुचवते: मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, तर आईंची ती तपासणी कधी झाली आहे?

सांजवेळ:
सर्वांचे आभार. डॉक्टरांशी बोलणे झाले. त्यांनी रस थांबवून गोळ्या पूर्ववत सुरू करायला सांगितले आहे आणि सोमवारी बोलावले आहे. मेथीविषयीचे मी आधी मान्य केले, त्याने आई जरा निवळली. ब१२ चा प्रश्न कागदावर लिहिला आहे, त्याखाली आईने तिच्या अक्षरात "उसळीत मेथी घातलेली चालेल का?" असेही जोडले आहे.