चॉसरला ‘लोकांचा कवी’ म्हणणं मला पटत नाही

निळी शाई

एम.ए.ला इंग्रजी घेतलेल्या बहुतेकांनी कँटरबरी टेल्सचं, म्हणजे यात्रेकरू वाटेत एकमेकांना गोष्टी सांगतात त्या काव्याचं, प्रोलॉग (प्रास्ताविक) केलेलं असतं, आणि तिथे हमखास ऐकायला मिळतं की ते लिहिणारा चौदाव्या शतकातला इंग्रज कवी जेफ्री चॉसर हा सामान्य माणसांचा कवी, त्याने सरदारापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना एका पंगतीला बसवलं. मला हे पटत नाही. का ते सविस्तर लिहिते, खोडून काढता येत असेल तर जरूर काढा.

आधी हा माणूस कोण होता ते बघा. बाप लंडनचा वाइनचा व्यापारी, थेम्सकाठी विंट्री भागात घर. मुलगा कोवळ्या वयात राजघराण्यातल्या एका काउंटेसकडे चाकरीला लागला. पुढे फ्रान्सच्या स्वारीत पकडला गेला तर सोडवायला खुद्द राजाने १६ पौंड दिले. बायको राणीच्या सेवेतली, मेव्हणी कॅथरिन ही राजाचा मुलगा जॉन ऑफ गाँट याची आधी रखेल आणि १३९६ मध्ये रीतसर बायको. १३७४ साली तर सगळंच जुळून आलं, राजाकडून रोज एक घागर वाइन, लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर कंट्रोलरची नोकरी, आणि ऑल्डगेट या शहराच्या वेशीवरची राहायची जागा, भाडं शून्य, तहहयात.

ही लोकरीची जकात म्हणजे राजाच्या फ्रान्सविरुद्धच्या लढाईचा खजिना. जकात गोळा करणारे कोण, तर ब्रेम्बर, वॉलवर्थ, फिलपॉट, म्हणजे लंडनचे बडे व्यापारी, जे राजाला कर्जही द्यायचे. यांच्या हिशेबावर लक्ष ठेवायला चॉसर, आणि वही स्वतःच्या हाताने लिहायची अशी त्याला अट होती.

आता १३८१. प्लेगने ३०-३२ वर्षांपूर्वी निम्मं गाव नेलं होतं, मजूर कमी म्हणून मजुरी वाढायला लागली, तर १३५१ मध्ये कायदा करून ती प्लेगआधीच्या दरावर बांधून टाकली. वर डोईपट्टी, १३७७ मध्ये माणशी ४ पेन्स होती ती चार वर्षांत १२ पेन्स. लोक उठले. १३ जूनला एसेक्सचे शेतकरी शहरात शिरले ते ऑल्डगेटमधून, म्हणजे चॉसरच्या घराखालून! गाँटचा सॅव्हॉय पॅलेस जळला, आर्चबिशपचं डोकं उडवलं, विंट्रीतल्या चर्चमध्ये लपलेल्या फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सहून आलेल्या, लोकांना बाहेर ओढून मारलं, म्हणजे त्याच्या जन्मगल्लीत. १५ तारखेला स्मिथफील्डला बंडाचा पुढारी वॉट टायलर याच्यावर वार केला तो कुणी? मेयर वॉलवर्थने. जकातीत ज्याचे आकडे चॉसर तपासत आला तोच हा वॉलवर्थ. त्याच दिवशी वॉलवर्थ, ब्रेम्बर, फिलपॉट तिघांना ‘सर’ पदवी मिळाली.

आणि यावर चॉसरने काय लिहिलं? कँटरबरी टेल्समधल्या एका कोंबड्याच्या गोष्टीत कोल्हा कोंबडा पळवतो, मागे म्हातारी, तिच्या मुली, कुत्री, बदकं, पोळ्यातल्या मधमाश्यासुद्धा, सगळे आरडाओरडा करत धावतात, तेव्हा तो म्हणतो की बंडाचा एक पुढारी जॅक स्ट्रॉ याची टोळी फ्लेमिश माणसाला मारताना पण एवढी ओरडली नसेल. बस. बंडाचं थेट नाव एवढंच. प्रोलॉगमध्ये नांगऱ्या आहे खरा, तो शेण वाहतो, चर्चचा दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) वेळेवर देतो, गरिबाचं काम फुकट करून देतो, थोडक्यात मालकाला हवा तसा आहे. त्याच्या तोंडी एकही गोष्ट नाही. हा लोकांचा कवी?

आडवाट

प्रचंड असहमत. माहिती चोख आहे पण तुम्ही कवीकडून साक्षीपुरावा मागताय.

एक तर त्याच काळात त्याचाच मित्र, कवी जॉन गॉवर होता, चॉसर परदेशी जाताना कायदेशीर कामं बघायचा अधिकार ज्यांना देऊन गेला त्यातला हा एक. या गॉवरने बंडावर लॅटिनमध्ये लांबलचक काव्य लिहिलं आणि त्यात शेतकरी गाढवं, बैल, डुकरं होऊन शहरावर चालून येतात. त्या वर्गातल्या सुशिक्षित माणसाची तेव्हाची ठरलेली भाषा ती होती, आणि ती लिहिली असती तर दरबारात कौतुकच झालं असतं. चॉसरने ती लिहिली नाही. तुम्हाला हे मौन वाटतं, मला हे नाकारणं वाटतं.

दुसरं, कँटरबरी टेल्सची सुरुवातच बघा ना. पहिली गोष्ट सरदाराची, उच्च कुळ, प्रेम, लढाई वगैरे. मग सराईवाला, जो कुणी कधी गोष्ट सांगायची ते ठरवतो, रीतीप्रमाणे मठातल्या साधूला सांगतो की आता तुमचा नंबर. तेवढ्यात प्यायलेला गिरणीवाला मध्ये घुसतो आणि म्हणतो सरदाराला उत्तर मी देणार, नाहीतर मी चाललो. सराईवाला म्हणतो थांब, तुझ्यापेक्षा थोर माणसाला आधी बोलू दे, हा ऐकतच नाही. आणि बोलतो तो! मान कुणाचा आधी ही व्यवस्था तिथे मोडली ती पुन्हा बसतच नाही. बंडाच्या वेळी लोकांनी ज्या रांगेवर हात टाकला तीच रांग या माणसाने कवितेत मोडली, आणि बोलणाऱ्याला बोलण्याचं कौशल्य पण दिलं, गिरणीवाल्याची गोष्ट सरदाराच्या गोष्टीपेक्षा घट्ट बांधलेली आहे.

आणि नांगऱ्याला गोष्ट नाही हा पुरावा होऊच शकत नाही. ठरवल्या होत्या साधारण १२० गोष्टी, झाल्या २४, आणि माणूस १४०० मध्ये गेला.

तिसरं म्हणजे जिवाची भीती. १३८८ च्या पार्लमेंटने राजाच्या माणसांची जी कत्तल केली त्यात ब्रेम्बर फासावर गेला आणि थॉमस अस्क नावाचा लेखक, ज्याने चॉसरची स्तुती लिहून ठेवलीय, त्याचं मुंडकं उडवलं. चॉसर त्याआधीच १३८६ मध्ये जकातीची नोकरी आणि ऑल्डगेटचं घर दोन्हीतून बाहेर पडला होता. जपून लिहिणाऱ्याला जपून वाचावं लागतं.

निळी शाई

@आडवाट, गॉवरचा मुद्दा वजनदार आहे, पण गॉवरने शेतकऱ्यांना जनावरं केलं आणि चॉसरने त्यांना जनावरांच्या गलक्यात नेऊन बसवलं, यात फरक किती? फ्लेमिश लोकांचा खून झाला, ती माणसं त्याच्या शेजारची होती, आणि ते कोल्ह्यामागच्या धावपळीत एका ओळीत येतं. ना मारणाऱ्यांच्या रागाचं कारण, ना मरणाऱ्यांचं दुःख. भीतीचं म्हणाल तर बंडखोरांविरुद्ध लिहायला कुणाचीच भीती नव्हती, त्यांच्या बाजूने लिहायला होती. त्याच काळातला कवी विल्यम लँगलंड बघा, तो बंडाच्या बाजूचा नव्हता, पण त्याने नांगऱ्या पिअर्सला अख्ख्या काव्याच्या मध्यभागी उभं केलं आणि बंडखोरांच्या पत्रांत पिअर्सचं नाव आलं. चॉसरचं कुठलंही पात्र कुणाला असं जवळ करावंसं वाटलं नाही.

वाचनवेडी

दोघांच्याही बोलण्यात एक बाई राहून गेली म्हणून लिहितेय. सिसिली शॉमपेन. मे १३८० मध्ये तिने चॉसरला एक सोडपत्र, म्हणजे त्याच्यावरचा दावा सोडल्याचा कागद, लिहून दिलं, त्यात जो लॅटिन शब्द होता त्याचा अर्थ बलात्कार पण होतो आणि पळवून नेणं पण, त्यामुळे १८७३ मध्ये तो कागद सापडल्यापासून जवळजवळ दीडशे वर्षं वाद चालला. मग २०२२ मध्ये युआन रॉजर आणि सेबास्टियन सोबेकी यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून नवे कागद पुढे आणले. त्यात थॉमस स्टाँडन नावाच्या माणसाने चॉसर आणि सिसिली दोघांवर दावा लावलेला दिसतो, तोही मजुरांच्या कायद्याखाली, म्हणजे सिसिली त्याची चाकरी सोडून चॉसरकडे आली आणि दुसऱ्याचं माणूस ठेवून घेतलं म्हणून चॉसर पण प्रतिवादी. सोडपत्र याच भांडणातलं असावं असं त्यांचं म्हणणं.

बहुतेक बातम्या ‘चॉसर निर्दोष’ एवढ्यावर थांबल्या, पण मला त्यातलं दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटतं. शाईताईंनी वर ज्या कायद्याचं लिहिलंय, मजुरी बांधणारा, तोच हा कायदा! मुदतीआधी नोकरी सोडली तर बाईला कोर्टात खेचता येत होतं. म्हणजे १३८१ च्या आदल्याच वर्षी हा कायदा चॉसरच्या स्वतःच्या दारात आला होता. त्याला तो कागदावरून माहीत नव्हता, त्यात अडकलेली एक मुलगी त्याच्या घरच्या कामाला होती किंवा येणार होती. आणि हे माहीत असून त्याने कामवाल्या पोरींवर, चाकरीवर, करारावर गंभीरपणे काही लिहिलं नाही, हे मला टोचतं. कँटरबरी टेल्समधल्या बाथच्या बायकोचं (वाइफ ऑफ बाथ) भाषण अप्रतिम आहे, नवऱ्याच्या पुस्तकाची पानं फाडते, तो असा मारतो की एक कान कायमचा बहिरा होतो, तरी ती बोलत राहते. पण ती स्वतः कापड विणणारी, पैसेवाली, पाच नवरे पुरून उरलेली. सिसिलीसारखीला तेवढी जागा मिळाली नाही.

पाऊलखुणा

मी आडवाट यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. सगळे राजा आणि जकात धरून बसलेत. खेड्यातल्या माणसाच्या दारात रोज येणारी सत्ता बऱ्याचदा चर्चची असायची, दशांश, दंड, आणि धर्मकोर्टाचे समन्स. त्या सत्तेवर चॉसरइतकं उघड कुणी लिहिलंय? पापमुक्तीची पत्रं विकणारा पार्डनर काचेच्या भांड्यात डुकराची हाडं घेऊन फिरतो आणि उशीचा अभ्रा हा मेरीमातेचा पदर म्हणून दाखवतो.

त्याहून भारी कँटरबरी टेल्समधली भिक्षूची (फ्रायरची) गोष्ट आहे, ती कुणी काढलीच नाही. धर्मकोर्टाचे समन्स बजावणारा एक माणूस वसुलीला निघालाय, वाटेत हिरव्या कपड्यातला एक जमीनदाराचा कारभारी भेटतो, दोघांची गट्टी जमते. कारभारी सांगतो की पगार तुटपुंजा, मालक कडक, म्हणून मी पिळून काढलेल्या पैशावर जगतो. थोड्या वेळाने कळतं हा सैतान आहे. मग दोघं एका गरीब म्हातारीच्या दारात जातात. समन्सवाला खोटा आरोप ठेवून म्हणतो १२ पेन्स दे, सोडतो. ती म्हणते आजारी आहे, एवढे पैसे माझ्याजवळ नाहीतच. तर हा म्हणतो मग तुझं नवं पातेलं उचलतो! म्हातारी चिडून शाप देते, जा नरकात, पातेल्यासकट. सैतान शांतपणे विचारतो, मावशी, मनापासून म्हणताय ना? ती हो म्हणते, आणि तो त्याला घेऊन जातो.

१२ पेन्स. डोईपट्टीचा आकडा तोच, आणि हे लिहिणारा सरकारी वसुलीत १२ वर्षं बसलेला. त्याला हा आकडा सहज सुचला असेल असं मी मानत नाही.

निळी शाई

@पाऊलखुणा, गोष्ट जबरदस्त आहे हे मान्यच. पण बघा, शिक्षा कुणाला होते? दारात आलेल्या खालच्या माणसाला. पैसा ज्याच्याकडे जातो तो मालक गोष्टीत येतच नाही. १३८१ मध्ये लोकांनी थेट आर्चबिशप आणि खजिनदार गाठले, ते कवितेपेक्षा पुढे होते.

पाऊलखुणा

येतो की! कारभाऱ्याचा तो कडक मालक कोण ते गोष्ट सांगतेच, तो नरकाचा राजा. पिळून काढलेला पैसा शेवटी कुणाकडे पोचतो हे यापेक्षा स्पष्ट, राजाचा पगार खाणाऱ्या माणसाने आणखी कसं लिहायचं?