वॉलहाला: बाबांना सोन्यापेक्षा जंगलच बघायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे मेलबर्नला आलेत. ईस्टर उरकला की त्यांना वॉलहालाला, म्हणजे व्हिक्टोरियाच्या डोंगरातल्या सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावाला, न्यायचं चाललंय. माझा बेत नेहमीचाच होता: छोटी आगगाडी, लाँग टनेल एक्स्टेंडेड खाणीत एक फेरी, चार फोटो आणि संध्याकाळी घरी. पण बाबांना तिथला एक जुना काळा-पांढरा फोटो दाखवला आणि बेत फिसकटला. खाली घळीत एका ओळीत घरं, आणि वरचे डोंगर पार बोडके. बाबांची सगळी नोकरी वनखात्यात गेली. चष्मा कपाळावर सरकवून, फोटो मोठा करून ते बुंधेच मोजत बसले. आता म्हणतात, "खाण तुम्ही बघा. हे परत उगवलेलं जंगल मला चालून बघायचंय."

त्यांचंही खरंच आहे म्हणा. 1862-63 च्या सुमारास तिथे सोनं सापडलं आणि पुढची पन्नास वर्षं खाणींच्या बॉयलरनी आजूबाजूचं रान खाल्लं. जवळचं लाकूड संपलं तेव्हा ट्रामचे रूळ टाकून लांबून आणलं. रेल्वे पोचली 1910 मध्ये आणि 1914 पर्यंत मोठ्या खाणी बंद! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तर लाकूड आणायच्या त्या जुन्या ट्रामच्या वाटेवरून आता पॉव्हर्टी पॉइंटच्या लोखंडी पुलाकडे चालत जाता येतं. चढ फारसा नाही असं वाचलंय, पण एका बाजूला दरी आहे म्हणे. बाबा बहात्तरचे, डावा गुडघा कुरकुरतो. वाट कितपत अरुंद आहे? पुलापर्यंत नाही गेलो तरी चालेल, तासाभरात परत फिरता येईल असा टप्पा कुठला? आणि जुन्या तोडीचे बुंधे वाटेवर अजून दिसतात का? त्यांचा पहिला प्रश्न तोच असणार.

दुसरं आईचं. तिला वळणांचा रस्ता अजिबात सोसत नाही. गाडी थॉमसन स्टेशनवर लावून शेवटचा टप्पा आगगाडीने केला तर त्रास कमी होईल का, की थॉमसनपर्यंतच पोटातलं सगळं बाहेर येईल? स्मशानभूमी आणि डोंगरमाथ्यावरचं क्रिकेटचं मैदान दोघांच्या गुडघ्यांकडे बघून आधीच रद्द केलंय.

मुक्काम करावा का? एका दिवसात मेलबर्नहून जाऊन-येऊन गाडी मीच चालवणार, त्यामुळे मला मुक्काम बरा वाटतो, पण आईला "एवढ्याशा गावात रात्री करायचं काय" असं झालंय. कुणी राहून आलं असेल तर सांगा, तिला वाचून दाखवते.